ॲलिगेटर की मगर? आधी जागा पाहा, मग दात

प्राणिसंग्रहालयात मगरींच्या तळ्याशी थोडा वेळ उभं राहिलं, की एखादं लहान मूल हमखास विचारतं, "ही मगर आहे की ॲलिगेटर?" सोबतच्या मोठ्या माणसाचं उत्तर ठरलेलं असतं: "तोंड गोल असेल तर ॲलिगेटर, निमुळतं असेल तर मगर." उत्तर अगदीच चूक नाही. पण जिथे खरी शंका येते, नेमकं तिथेच ते दगा देतं. मीही सुरुवातीला तोंडाच्या आकारावरच विसंबून होतो. पुढे एका जाड, रुंद तोंडाच्या मगरीला बराच वेळ ॲलिगेटर समजत राहिलो, आणि तेव्हा ही ओळख मुळापासून शिकायला हवी हे पटलं. म्हणून या लेखातला क्रम थोडा वेगळा आहे. सगळ्यात खात्रीची खूण आधी घेतली आहे, आणि तोंडाचा आकार बराच मागे ढकलला आहे.

पायरी १: शब्दांचा गुंता सोडवा

मराठीत मगर आणि सुसर असे दोन शब्द आहेत. त्यामुळे पुष्कळांना वाटतं, की एक म्हणजे क्रोकोडाइल आणि दुसरा म्हणजे ॲलिगेटर. तसं नाही. सुसर हा शब्द कुणी मगरीसाठीच वापरतं, कुणी लांबट चिंचोळ्या तोंडाच्या घडियालासाठी. ॲलिगेटर आपल्याकडच्या नद्यांमध्ये नव्हताच, मग त्याला जुना मराठी शब्द कुठून असणार? या लेखात 'मगर' म्हणजे क्रोकोडाइल, आणि ॲलिगेटरला ॲलिगेटरच म्हटलं आहे.

हा परका शब्दसुद्धा मूळचा इंग्रजी नाही. अमेरिकेत पोचलेल्या स्पॅनिश लोकांनी या प्राण्याला 'एल लागार्तो', म्हणजे सरडा म्हटलं आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचा ॲलिगेटर झाला. उलट दिशेनेही एक शब्द गेला आहे. भारतीय उपखंडातल्या दलदलीच्या मगरीला इंग्रजीत 'मगर क्रोकोडाइल' म्हणतात. तो 'मगर' आपलाच, संस्कृत 'मकर'वरून आलेला.

आता नात्यागोत्याचं. मगरवर्गीय प्राण्यांची तीन कुळं आहेत. पहिल्या कुळात ॲलिगेटर आणि त्यांचे दक्षिण अमेरिकेतले भाऊबंद केमन येतात. दुसरं कुळ खऱ्या मगरींचं. तिसरं घडियालाचं. पहिल्या दोन कुळांच्या वाटा डायनोसॉर जिवंत असतानाच वेगळ्या झाल्या. म्हणजे ॲलिगेटर आणि मगर हे एकाच प्राण्याचे दोन प्रकार नाहीत. वाघ आणि सिंह जितके जवळचे आहेत, त्याहून हे दोघे कितीतरी लांबचे. आणखी एक गोष्ट नवख्यांना चकित करते: या सगळ्यांचे आजचे सर्वात जवळचे जिवंत नातेवाईक पाली-सरडे नसून पक्षी आहेत.

पायरी २: प्राणी कुठला आहे ते विचारा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि निम्म्याहून अधिक काम तर हीच करते.

ॲलिगेटरच्या जगात फक्त दोन जाती आहेत. अमेरिकन ॲलिगेटर अमेरिकेच्या आग्नेय भागात राहतो: नॉर्थ कॅरोलायनापासून खाली फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला टेक्सासपर्यंत. चिनी ॲलिगेटर पूर्व चीनमध्ये, यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात, मुख्यतः आन्हुई प्रांतात उरला आहे. तो जेमतेम दीड ते दोन मीटर लांब असतो, थंडीचे महिने बिळात झोपून काढतो, आणि निसर्गात त्याची संख्या फार थोडी आहे.

याचा सरळ अर्थ असा: फोटो आफ्रिकेतल्या नदीचा असेल, तर तो ॲलिगेटर नाही. ऑस्ट्रेलियातला असेल, तर नाही. भारत, श्रीलंका, इंडोनेशिया, फिलिपिन्स, कुठलाही घ्या, मोकळ्या निसर्गात दिसलेला तो प्राणी ॲलिगेटर असू शकत नाही. नाईल नदीकाठी हरणावर झडप घालणाऱ्या प्राण्याच्या चित्रफितीखाली 'ॲलिगेटर' लिहिलेलं दिसलं, तर तोंडाकडे न बघताही ते चूक म्हणून सांगता येतं.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेत मात्र थांबून बघावं लागतं, कारण तिथे मगरीही आहेत आणि केमनही. केमनच्या सहा जाती मानल्या जातात. त्यांतला काळा केमन चार मीटरच्या पुढे जातो, तर बुटका केमन माणसाच्या उंचीपर्यंतही पोचत नाही. केमन ॲलिगेटरच्या कुळातले असल्याने पुढच्या पायरीतल्या दातांच्या खुणेत ते ॲलिगेटरच्या बाजूला पडतात.

ॲलिगेटर आणि मगर निसर्गात एकत्र राहतात अशी जागा जगात एकच आहे: फ्लोरिडाचं दक्षिण टोक. तिच्याकडे पुढे सावकाश येऊ.

प्राणिसंग्रहालयात ही पायरी चालत नाही, कारण तिथे प्राणी कुठूनही आणलेला असतो. तिथे लागते पुढची पायरी.

पायरी ३: तोंड मिटू द्या, मग खालचा चौथा दात शोधा

माझ्या मते दिसण्यातली सर्वात भरवशाची खूण हीच. आणि ती नीट समजून घ्यावी लागते, कारण 'मगरीचे दात दिसतात, ॲलिगेटरचे दिसत नाहीत' हे जे सांगितलं जातं ते अर्धवट आहे. तोंड मिटल्यावर ॲलिगेटरचेही दात दिसतात. प्रश्न कोणत्या ओळीतले दिसतात हा आहे.

ॲलिगेटरचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. तोंड मिटलं की वरचा जबडा डब्याच्या झाकणासारखा खालच्यावर बसतो, आणि खालचे दात वरच्या जबड्यातल्या खळग्यांमध्ये जाऊन लपतात. बाहेरून दिसतात ते फक्त वरचे दात, खाली तोंड करून ओळीने लागलेले.

मगरीचे दोन्ही जबडे जवळजवळ सारख्या रुंदीचे असतात. त्यामुळे वरचे आणि खालचे दात एकमेकांत अडकतात, आणि दोन्ही ओळी बाहेरून दिसतात. त्यातही खालच्या जबड्याचा चौथा दात मोठा असतो. त्याला लपायला खळगा नसतो. वरच्या जबड्याच्या कडेला, नाकपुड्यांच्या थोडं मागे एक खाच असते, आणि हा दात त्या खाचेत बाहेरच्या बाजूने उभा राहतो. एकदा ही खाच डोळ्याला सापडली, की मगर लांबूनही ओळखू येते. वरच्या ओठाची रेघ तिथे आत दबलेली असते आणि तिथून एक पांढरा सुळा वर आलेला दिसतो.

बघताना हे सांभाळा: तोंड उघडं असेल तर थांबा. मगरवर्गीय प्राणी अंगाची उष्णता कमी करायला तासन् तास आ वासून पडून राहतात, आणि उघड्या तोंडावरून ही खूण ठरवणं नवख्याला जमत नाही. बाजूने बघा, समोरून नाही. आणि म्हातारा प्राणी असेल तर दोन्ही बाजू बघा, कारण भांडणात एखादा दात गेलेला असू शकतो. यांचे दात जन्मभर पुन्हा पुन्हा येत राहतात, पण वय झालं की ते येणं मंदावतं.

पायरी ४: आता तोंडाचा आकार, पण बेताने

वरून पाहिलं तर ॲलिगेटरचं तोंड रुंद आणि टोकाशी गोलसर असतं, फावड्याच्या पात्यासारखं. बऱ्याच मगरींचं तोंड नाकपुड्यांकडे निमुळतं होत जातं. नाईलची मगर, अमेरिकन मगर, खाऱ्या पाण्यातली मगर यांच्यात हा फरक कळतो. अमेरिकन मगर तर ॲलिगेटरशेजारी ठेवली की चटकन वेगळी दिसते.

फसवणूक होते ती दलदलीच्या मगरीपाशी. तिच्या शास्त्रीय नावातला 'पालुस्ट्रिस' म्हणजे दलदलीतली. भारत, नेपाळ, श्रीलंका, पाकिस्तान आणि इराणचा आग्नेय कोपरा हा तिचा मुलूख. तिच्या प्रजातीतल्या सगळ्या मगरींमध्ये हिचं तोंड सर्वात रुंद. वयस्क दलदलीची मगर वरून पाहिली, तर 'गोल तोंड म्हणजे ॲलिगेटर' हा नियम घेऊन बसलेला माणूस खात्रीने चुकतो. मीही इथेच चुकलो होतो. त्या मगरीच्या बाजूला जाऊन पाहिल्यावर चौथा दात आपल्या खाचेत स्वच्छ दिसत होता.

प्राणिसंग्रहालयात आणखी एक अडचण असते. पिंजऱ्यात वाढलेल्या प्राण्यांची तोंडं निसर्गात वाढलेल्यांपेक्षा बरेचदा आखूड आणि रुंद होतात. त्यामुळे तिथे आकारावरून निकाल देऊच नका.

घडियालाच्या बाबतीत मात्र आकार पुरेसा आहे. इतकं लांब, चिमट्यासारखं, शंभराहून अधिक बारीक दातांचं तोंड दुसऱ्या कुणाचं नाही, आणि प्रौढ नराच्या नाकावर मडक्यासारखा गोळा असतो, त्यावरूनच त्याला 'घडियाल' नाव पडलं. त्याच्याशी गल्लत होऊ शकते ती एकट्या टोमिस्टोमाची. तो मलेशिया-इंडोनेशियाच्या दलदलींत राहतो आणि त्याचंही तोंड बारीक असतं.

पायरी ५: रंग आणि कातडी

रंगावर फार विसंबू नका. ढोबळमानाने ॲलिगेटर काळपट-करडा आणि मगर फिकट, मातकट किंवा हिरवट. पण अंगावर शेवाळ साचलं, चिखल लागला किंवा प्राणी नुकताच पाण्यातून बाहेर आला, की रंग बदललेला दिसतो. पिल्लांमध्ये मात्र फरक छान कळतो: अमेरिकन ॲलिगेटरचं पिल्लू काळं आणि त्यावर पिवळेधमक पट्टे, तर मगरीचं पिल्लू फिकट आणि त्यावर गडद पट्टे किंवा ठिपके.

कातडीची खरी खूण डोळ्यांना लांबून दिसत नाही, पण ती इतकी सुंदर आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. मगरीच्या अंगावरच्या जवळजवळ प्रत्येक खवल्यावर, कडेपाशी, टाचणीने टोचल्यासारखा एक बारीक ठिपका असतो. ॲलिगेटरला असे ठिपके फक्त जबड्यांभोवती असतात. ही स्पर्शेंद्रियं आहेत. त्यांची संवेदनशीलता माणसाच्या बोटांच्या टोकांहूनही जास्त असल्याचं प्रयोगांत आढळलं आहे. काळोखात पाण्यावर उमटलेला बारीकसा तरंगही प्राण्याला या ठिपक्यांतून कळतो आणि तो त्या दिशेला वळतो. चामड्याच्या व्यापारातले लोक पट्टा किंवा पाकीट मगरीच्या कातड्याचं की ॲलिगेटरच्या, हे याच ठिपक्यांवरून ओळखतात.

पायरी ६: पाणी आणि थंडी

'मगरीचे अश्रू' किंवा 'नक्राश्रू' आपण ढोंगासाठी म्हणतो. मगरीच्या अंगातलं जास्तीचं मीठ मात्र डोळ्यांवाटे जात नाही. ते जातं जिभेवाटे. मगरीच्या जिभेवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरीत त्या असल्याचं १९८१ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. ॲलिगेटरच्या जिभेवरच्या ग्रंथी हे काम नीट करत नाहीत.

एवढ्या एका फरकाने दोघांचा भूगोल ठरवला आहे. ॲलिगेटर खाऱ्या पाण्यात शिरतो, खेकडे-मासे खातो, पण त्याला गोड्या पाण्याकडे परतावंच लागतं. खाऱ्या पाण्यातली मगर समुद्र ओलांडते. ऑस्ट्रेलियात उपग्रहाच्या साहाय्याने माग काढलेल्या एका नराने २५ दिवसांत सुमारे ५९० किलोमीटर अंतर समुद्रमार्गे कापलं होतं, आणि अशा प्रवासात या मगरी अनुकूल प्रवाह येईपर्यंत किनाऱ्याला थांबून राहतात. भारताच्या पूर्व किनाऱ्यापासून ऑस्ट्रेलियापर्यंत एकच जात पसरली आहे ती या जिभेच्या जोरावर. जिवंत सरपटणाऱ्या प्राण्यांत आकाराने हीच सर्वात मोठी. फिलिपिन्समध्ये २०११ साली पकडलेल्या 'लोलोंग' नावाच्या नराची लांबी ६.१७ मीटर भरली होती.

थंडीत पारडं ॲलिगेटरकडे झुकतं. तळं गोठायला लागलं, की तो नाकाचं टोक पाण्याबाहेर काढून ठेवतो. भोवतीचं पाणी गोठून बर्फ होतं, आणि तो बर्फात नाक अडकवून, श्वास चालू ठेवून, जवळजवळ न हलता थंडी सरायची वाट बघतो. मगरीला हे जमत नाही. जानेवारी २०१० मध्ये फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली, तेव्हा तिथल्या कितीतरी मगरी मेल्या.

घरट्यांचा नियम सैल आहे. ॲलिगेटर पालापाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी घालतो, पुष्कळ मगरी वाळूत खड्डा खणतात. पण खाऱ्या पाण्यातली मगर ढीगच रचते. पिल्लं नर होणार की मादी, हे दोघांतही घरट्याच्या उबेवर ठरतं. आणि अंड्यातून आवाज येऊ लागला की आई घरटं उकरून पिल्लांना तोंडात धरून पाण्याकडे नेते, हेही दोघांत सारखंच.

दक्षिण फ्लोरिडात उभे आहात असं समजा

एव्हरग्लेड्स हे राष्ट्रीय उद्यान १९४७ साली स्थापन झालं. तिथे हे सगळं एकत्र वापरायची संधी मिळते. आतल्या गोड्या पाण्याच्या दलदलीत दिसलेला काळपट प्राणी बहुधा ॲलिगेटर. कोरड्या ऋतूत तो चिखल उकरून जे डबकं राखतो, त्यात मासे, कासवं, पाणपक्षी तग धरून राहतात. किनाऱ्याकडे, खारफुटीच्या निमखाऱ्या पाण्यात फिकट, निमुळत्या तोंडाचा प्राणी दिसला, तर अमेरिकन मगरीचा विचार करा. टर्की पॉइंट अणुवीज केंद्राच्या, गरम पाणी थंड करण्यासाठी खणलेल्या कालव्यांमध्येही या मगरी घरटी करतात. मग दोघांच्या मधल्या पट्ट्यात काय? तिथे चौथा दात बघायचा. शिवाय बाहेरून आणलेले चष्मेवाले केमनही फ्लोरिडात आता राहतात. त्यांच्या डोळ्यांच्या मधे, चष्म्याच्या पुलासारखी हाडाची आडवी कड असते.

अमेरिकन ॲलिगेटर १९६७ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत गेला आणि संख्या सावरल्यावर १९८७ मध्ये बाहेर आला. फ्लोरिडातली मगर १९७५ मध्ये यादीत आली आणि २००७ मध्ये तिचा धोक्याचा दर्जा एक पायरी खाली आणला गेला. ती आजही तिथे ॲलिगेटरपेक्षा खूप दुर्मीळ आहे, म्हणून ती दिसली तर जरा जास्त वेळ थांबून पाहावी.

बघताना अंतर

'ॲलिगेटर गरीब, मगर आक्रमक' हे वाक्य धोकादायक आहे. खाऱ्या पाण्यातली आणि नाईलची मगर माणसाला भक्ष्य समजू शकते हे खरं. पण ऑस्ट्रेलियातली गोड्या पाण्यातली छोटी मगर लाजरी असते, आणि माणसांनी खाऊ घालून सवय लावलेला ॲलिगेटर जीवघेणा ठरतो. फ्लोरिडात त्याला खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे, आणि तसंच असायला हवं: खाऊ मिळतो म्हणून माणसाजवळ येणारा ॲलिगेटर शेवटी मारला जातो.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये पाण्याच्या काठापासून किमान ५ मीटर मागे उभं राहायला आणि मुक्काम किमान ५० मीटर लांब करायला सांगतात. मगरींच्या पाण्याजवळ कुठेही हा हिशोब पाळा. संध्याकाळी आणि रात्री काठाला जाऊ नका, रोज त्याच वेळी त्याच जागी पाणी भरू नका. आणि पाठलाग झालाच तर नागमोडी पळायचं ही ऐकीव गोष्ट विसरा. सरळ, पाण्यापासून दूर पळा. हे प्राणी जमिनीवर लांब पल्ला धावत नाहीत, पण पहिल्या काही मीटरांत त्यांचा वेग चकवतो. काही मगरी तर चक्क चौखूर उधळतात, जे ॲलिगेटरना करताना आढळलेलं नाही.

सरावासाठी

घरी बसून दहा-बारा फोटो घ्या आणि प्रत्येकाला क्रमाने तीन प्रश्न विचारा: कुठला? तोंड मिटलेलं आहे का? खालचा चौथा दात बाहेर आहे का? पहिल्या काही फोटोंत खाच शोधायला वेळ लागेल. नंतर डोळा आपोआप तिथेच जाईल.

फोटोत नुसते डोळे आणि नाकपुड्याच पाण्यावर असतील आणि जागा माहीत नसेल, तर उत्तर देऊ नका. जागा माहीत असेल आणि तो अमेरिकन ॲलिगेटर ठरला असेल, तर तेवढ्यावरूनही एक गोष्ट काढता येते: डोळे आणि नाकपुड्या यांच्यातलं अंतर जितके इंच, साधारण तितके फूट त्याची लांबी. दहा इंच अंतर दिसलं, तर पाण्याखाली दहा फुटांचा प्राणी आहे.